मूल, घर आणि समिती : नव्या केसवर्करच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून तुम्ही नाशिकमधल्या एका संस्थेत केसवर्कर म्हणून नुकत्याच रुजू झाला आहात. हाती आलेली पहिलीच फाईल दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेवर सापडलेल्या दोन भावंडांची आहे. मुलगी नऊ वर्षांची, भाऊ पाच वर्षांचा. आईबाप सुरगाण्याकडून आलेले मजूर, आणि बाप पितो अशी माहिती. वर्गात तत्त्वं शिकलात, पण या दोघांना घरी ठेवायचं की बालगृहात पाठवायचं हे कसं ठरवायचं, अहवालात नेमकं काय लिहायचं आणि मूल घरी गेलं की आपलं काम संपतं का, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या भागाचं उत्तर असं की ते तुम्ही ठरवायचं नाहीच. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार तो अधिकार बाल कल्याण समितीचा आहे. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार घेऊन बसते, महिन्यातून किमान २० दिवस. सापडलेलं मूल, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करावं लागतं. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यापुढे केलं तरी चालतं. मग समिती सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घराची आणि परिस्थितीची लेखी पाहणी, मागवते. तो १५ दिवसांत द्यायचा आणि सगळी चौकशी चार महिन्यांत आटोपायची, असं कायदा सांगतो.

पण नाशिकहून नव्वदेक किलोमीटरवरच्या सुरगाण्याच्या पाड्यावर समितीचे सदस्य जाऊ शकत नाहीत. तिथं तुम्ही जाता. तुम्ही जे लिहून आणाल तेवढंच घर समितीला दिसतं. पाड्यावर आजी आहे, ती खंबीर आहे, तिच्या ओटीवर मुलं निवांत झोपतात, हे अहवालात नसेल तर समितीच्या लेखी ती आजी नाहीच. निर्णय तुमचा नसला तरी त्याचं बरंचसं वजन तुमच्या वहीत असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं त्या अंगानं वाचता येईल. माझ्यापुढे आलेल्या बहुतेक मुलांना आईबाप होते, निदान दोघांतलं एक तरी होतं. नसलं तर आजी, मामा, आत्या होती. त्यामुळे आपलं काम बव्हंशी ते घर मुलाला सांभाळण्याइतपत उभं राहील का हे शोधण्याचं आणि राहत असेल तर त्याला आधार जोडून देण्याचं आहे. मुलाला घरातून काढणं हे सगळ्यात दिसणारं आणि सगळ्यात कमी वेळा लागणारं हत्यार आहे. कायद्याच्या कलम ३ मध्ये सोळा मूलभूत तत्त्वं आहेत. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे त्यातलंच एक. मुलाच्या पालनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, हे दुसरं. ही दोन एका डोळ्यानं वाचा आणि ‘सुरक्षितता’ हे तत्त्व दुसऱ्या डोळ्यानं. यांची ओढाताण रोज होते. ती होऊ द्यायची, एकीकडे झुकून ती संपवून टाकायची घाई करायची नाही.

परीक्षेला तुम्ही समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बीस्टेक यांची केसवर्कची सात तत्त्वं लिहिली असतील: व्यक्तीचं वेगळेपण, स्वीकार, दोषारोप न करणं, स्वनिर्णय, गोपनीयता वगैरे. ती खोटी नाहीत, पण बालकल्याणात दोन अडचणी येतात. एक म्हणजे इथं कुणी आपल्याकडे मदत मागायला स्वतःहून येत नाही. मूल पोलीस आणतात, रेल्वेवाले आणतात, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कुणीतरी फोन केलेला असतो. दुसरी अडचण अशी की आपल्यापुढे एकाच वेळी दोन माणसं असतात, मूल आणि पालक, आणि दोघांचं म्हणणं जुळेलच असं नाही. पालकाचा स्वनिर्णय मुलाच्या सुरक्षिततेपाशी थांबतो. ‘तुमचं मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर मुलालाही देऊ नका. त्याऐवजी म्हणा, ‘तुला त्रास होईल अशा कुणाला सांगणार नाही. पण तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन.’ मुलांना हे समजतं.

आता तुमच्या भावंडांकडे येऊ.

मूल समोर आलं की पहिल्या तासात माहिती गोळा करायची घाई नको. जेवलंय का, लघवीला जायचंय का, ताप आहे का, झोप झाली का, हे आधी. सुरगाणा-पेठकडची मुलं घरात कोकणा बोलीत बोलतात, बागलाण-कळवणकडची अहिराणीत, मालेगावची बरीचशी उर्दूत. आपली पुण्या-नाशिकची मराठी त्यांच्या कानाला शाळेची, म्हणजे दटावणारी वाटते. त्यांची बोली येणारी अंगणवाडी सेविका किंवा वसतिगृहातली ताई सोबत घ्या. गावातला मुकादम किंवा नातेवाईक दुभाषा म्हणून कधीही नको. वयाचा पुरावा लागतो तेव्हा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा कायद्याचा क्रम आहे. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकलेली असण्याची शक्यता भरपूर असते. तारीख तीच धरावी लागते, पण अहवालात अंगणवाडीच्या नोंदीही जोडा. सज्ञानतेच्या काठावरच्या मुलींच्या प्रकरणांत त्या कामी येतात.

भावंडांना एकत्र ठेवा. हे लिहायला सोपं आहे आणि प्रत्यक्षात इथंच सगळं हुकतं, कारण मुलींची संस्था वेगळी, मुलग्यांची वेगळी, अगदी लहानांची आणखी वेगळी. तुमची नऊ वर्षांची मुलगी गेली कित्येक महिने त्या भावाची आई झालेली आहे. बालगृहाचा रस्ता धरला की पहिल्याच संध्याकाळी दोघं वेगळी होणार. हा तोटा अहवालात ‘तोटा’ म्हणूनच लिहा. बालगृहाचे फायदे सगळेच लिहितात: दोन वेळचं जेवण, शाळा, कपडे.

मुलाचं म्हणणं ऐकणं हे तत्त्व आहे, पण ‘तुला कुठं राहायचंय?’ हा प्रश्न वाईट आहे. नऊ वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर तो अख्ख्या घराचा निकाल टाकतो. त्याऐवजी दिवस विचारा. सकाळी कोण उठवतं, भाकरी कोण करतं, बाबा पिऊन आले की तुम्ही कुठं जाता, शाळा आठवते का, तिथं कोण मैत्रीण होती. ‘घरी काय बदललं तर तुला बरं वाटेल?’ हा प्रश्न मात्र जरूर विचारा. याची उत्तरं बहुतेकदा थक्क करणारी साधी असतात. रात्री दिवा हवा. बाबांनी आईला मारू नये. भावाला मी शाळेत नेलं तर बाईंनी हाकलू नये.

एक गोष्ट बजावून सांगते. बोलता बोलता लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आला तर तिथंच थांबा. खोदून विचारू नका, तपशील पडताळू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि लगेच पोलिसांना कळवा. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार हे बंधन प्रत्येकावर आहे, आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जबाब नोंदवण्याची पद्धत कायद्यात दिलेली आहे: मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशात नसताना. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती मुलाला खटला संपेपर्यंत साथ देणारी सहाय्यक व्यक्ती देऊ शकते. अशा प्रकरणात ‘आधी घरच्यांशी बोलून बघू’ हा विचार मनात आला तरी बाजूला ठेवा. घरातलाच माणूस आरोपी असेल तर घर वाचवण्याच्या माझ्या वरच्या मताला इथं जागा नाही.

गृहभेट. सगळं केसवर्क शेवटी इथं येऊन टेकतं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

मजुराच्या घरी सकाळी अकराला जाऊन उपयोग नाही. संध्याकाळी सहानंतर किंवा बाजाराच्या दिवशी जा. ऑक्टोबरची छाटणी लागली की सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवरची माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात आणि माल निघेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, बऱ्याच घरांना कुलूप असतं. कुलूप दिसलं म्हणून ‘पालक बेपत्ता’ असं लिहिलं की पुढची सगळी फाईल चुकीच्या रुळावर जाते. शेजारी विचारा की कोणत्या गावच्या बागेवर गेलेत, मुकादम कोण, फोन कुणाकडे आहे. बहुतेक वेळा तासाभरात पत्ता लागतो.

तुमच्या प्रकरणात दोन घरं पाहायची आहेत: बागेवरची पत्र्याची खोली आणि पाड्यावरचं मूळ घर. एकच पाहून अहवाल लिहू नका. बागेवर पाहायचं ते असं: रात्री कोण कुठं झोपतं, दाराला आतून कडी आहे का, पाणी कुठून येतं, फवारणीच्या औषधाचे डबे कुठं ठेवलेत, डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवण्याच्या, दिवसांत मुलगी कामाला उभी राहते का. ती काम करत असेल तर प्रश्न वेगळा होतो. बालकामगार कायद्यात २०१६ ला झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला घरच्या उद्योगात मदत करण्यासारखे मोजके अपवाद सोडून कुठल्याही कामाला लावता येत नाही, आणि दुसऱ्याची बाग हा काही घरचा उद्योग नव्हे. याला जबाबदार बागमालक आहे. हे अहवालात येऊ द्या. आपल्याकडे सगळा दोष आईबापांच्या नावावर टाकून मालकाला रीतसर विसरण्याची जुनी सवय आहे.

पाड्यावर आजी, काका, आणि आजोळी मामा-मावशी यांची वंशावळ काढा. कागदावर, तिथंच बसून. आईच्या बाजूची माणसं लिहायला विसरतात, आणि मुलाला सांभाळायला तयार होणारं माणूस पुष्कळदा तिकडेच निघतं. अंगणवाडी सेविका, आशा, शाळेतले गुरुजी, पोलीस पाटील यांच्याशी वेगवेगळं बोला. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. कागदावर ती सगळीकडे आहे; सेविका उत्साही असेल तिथं ती कामाचीही असते. सरपंचांना भेटा, पण आईशी बोलताना त्यांना ओसरीवर बसवू नका. त्यांच्यादेखत ती नवऱ्याबद्दल, मालकाबद्दल, उचलीबद्दल म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीबद्दल काहीच बोलणार नाही.

आईबाप चिडतील हे धरूनच चला. त्यांच्या लेखी तुम्ही पोरं न्यायला आलेल्या बाई. उंटवाडीच्या संस्थेला लोक अजूनही ‘रिमांड होम’ म्हणतात आणि रिमांड होम म्हणजे तुरुंग असा समज पक्का आहे. पोलिसांची गाडी गरज नसेल तर नेऊ नका. तुम्ही कोण, कुणी पाठवलं, काय लिहिणार, ते कोण वाचणार, हे आधी सांगा. पाणी दिलं तर प्या. आणि निघण्याआधी तुम्ही लिहिलेलं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. ‘हे बरोबर आहे का, काही राहिलं का?’ बाप इथं हमखास काहीतरी दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीतून दोन तासांत न कळलेलं कळतं.

आता मूळ प्रश्न: ही हेळसांड आहे का?

आई पहाटे पाचला बागेवर जाते, पाच वर्षांचं पोर नऊ वर्षांच्या बहिणीवर सोडून. शहरातल्या माणसाला ही हेळसांड वाटते. त्या बाईनं काय करायला हवं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. मी एक कसोटी वापरते: उद्या सकाळी या घरात पैसा किंवा सोय आली, तर मुलाचा धोका जाईल का? जात असेल तर ती गरिबी आहे, आणि गरिबीवर उपाय म्हणून मूल काढून घेणं हा अन्याय आहे. जात नसेल, म्हणजे पैसा आला तरी बाप मारणारच असेल, पोरीला कुणाच्या तरी हवाली करणारच असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. कायद्यानंही हा फरक ओळखला आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये मुलाशी क्रूरतेला शिक्षा आहे, पण परिस्थिती हाताबाहेर गेल्यामुळे जन्मदात्यांनी मूल टाकलं असेल तर ते जाणूनबुजून केलं नाही असं गृहीत धरावं, असं तिथंच म्हटलंय.

अर्थात खऱ्या घरांत दोन्ही मिसळलेलं असतं. ‘बाप पितो’ हे वाक्य अपुरं आहे. कधी पितो, पगाराच्या दिवशी की रोज? प्याला की झोपतो की मारतो? कुणाला? मारायला लागला तर मुलं कुठं पळतात, आणि ती जागा रात्री उघडी असते का? शेजारची खोली चुलत्याची असेल आणि चुलती दार उघडत असेल तर या घरात एक संरक्षण आहे. बागेवर ते नसेल आणि पाड्यावर असेल, तर उत्तराची दिशा तिथंच दिसू लागते. दिवसाचा धोका आणि रात्रीचा धोका वेगळे मोजा. दिवसाचे बहुतेक धोके सोय करून सुटतात, रात्रीचे माणूस बदलल्याशिवाय सुटत नाहीत.

समितीपुढे ‘घर की बालगृह’ असे दोनच पर्याय नसतात, हेही लक्षात ठेवा. देखरेखीच्या अटीवर पालकांकडे ताबा देता येतो. योग्य व्यक्ती म्हणून आजीकडे किंवा मामाकडे ठेवता येतं. प्रतिपालकत्व आहे, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाकडे काही काळ सांभाळायला देणं. प्रायोजकत्व आहे, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून पैशाची मदत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात मुलामागे महिन्याला ४,००० रुपये मिळतात. त्यासाठी ग्रामीण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत लागतं. राज्याची बालसंगोपन योजना, आता सावित्रीबाई फुले यांच्या नावाची, महिन्याला २,२५० रुपये देते. दोन्हींचे अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षातून जातात. हप्ते उशिरा येतात, म्हणून घराचं गणित त्यावर बांधू नका. शाळेची वही, गणवेश, एसटीचं भाडं एवढं त्यावर सोडा. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय होते का ते शाळेत विचारा. आश्रमशाळा हाही मार्ग आहे, पण मुलीला तिथं घालण्याआधी पाच वर्षांच्या भावाचं काय, याचं उत्तर तयार हवं.

पालकांना गुन्हेगार ठरवून मोकळं होण्यात काय धोका असतो, हे आपल्या जिल्ह्यानं जवळून पाहिलंय. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचं उघड झालं, एका मुलीचा जीवही गेला. ‘आईबापांनी पोरं विकली’ अशी चर्चा गावोगाव झाली. कायद्याच्या भाषेत ती वेठबिगारी होती, १९७६ च्या कायद्यानं बंद केलेली. कातकरी हा राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. अनेक कुटुंबांकडे जमीन नाही, जातीचा दाखला नाही, कधी रेशनकार्डही नाही. अशा मुलाला सोडवून त्याच झोपडीत परत नेलं आणि झोपडीत काहीच बदललं नाही, तर पुढच्या दिवाळीनंतर ते परत जाणार. म्हणून अशा फाईलमध्ये प्रांताधिकाऱ्यांकडून मिळणारा वेठबिगार मुक्तीचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड हे सगळं मुलाच्या योजनेत येतं. ही कागदपत्रं जमवणं समाजकार्याच्या पुस्तकात केसवर्क म्हणून फारसं दिसत नाही. माझ्या मते तेच खरं केसवर्क आहे.

अहवालाबद्दल. सामाजिक तपासणी अहवालाचा ठरलेला नमुना आहे, रकाने भरायला तासभर लागतो. कस लागतो तो तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात: मी पाहिलं, मला सांगितलं, मला वाटतं. ‘आई बेजबाबदार’ हे पहिल्या दोन्हींत बसत नाही. ‘संध्याकाळी सात वाजता खोलीत दोन मुलं एकटी होती, चुलीवर भात शिजत होता, मुलगी ढवळत होती; आई साडेसातला आली’ हे पाहिलेलं. यातून समितीला जो काढायचा तो निष्कर्ष ती काढेल. विशेषणं काढून टाका. विशेषण म्हणजे तपासाचा कंटाळा. मुलाला पळकुटा, चोर, भिकारी असं लिहू नका, कायद्यालाही ते मान्य नाही. ऐकीव माहिती लिहायची असेल तर कुणी सांगितलं आणि त्या माणसाचं या घराशी नातं काय, हेही लिहा. जमिनीच्या वादातला चुलता बापाबद्दल चांगलं बोलणार नाही. शेवटी एक शिफारस, आणि ती फसली तर दुसरी. वैयक्तिक काळजी योजनेत, म्हणजे त्या मुलासाठी पुढे काय करायचं याच्या आराखड्यात, प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि तारीख. ‘शाळेत दाखल करावे’ या वाक्याला कर्ताच नसतो, म्हणून ते मूल शाळेत जात नाही.

गोपनीयतेवर थोडंच सांगते, पण राग येऊन सांगते. मुलांची नावं, फोटो, गावं व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात. ‘दोन मुलांची सुटका’ म्हणून कार्यकर्ते फोटो टाकतात. वाढदिवसाला केक घेऊन संस्थेत येणारे दाते मुलांना रांगेत उभं करून सेल्फी घेतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. चेहरा पुसट केला आणि पाड्याचं नाव लिहिलं तर पाड्यावर सगळ्यांना कळतं. (मी इथं दिलेली उदाहरणंही अनेक घरांतून जुळवलेली आहेत, एकही जशीच्या तशी नाही.)

आणखी दोन प्रसंग लवकरच तुमच्यापुढे येतील. कुमारी मातेचं बाळ: तिला मूल सोपवायचं असेल तर समितीपुढे रीतसर समर्पण होतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या काळात तिला कुठल्याही बाजूनं ढकलू नका. दवाखान्यातूनच ‘चांगल्या घरी’ बाळ देऊ पाहणारे हितचिंतक भेटतील. तो मुलाच्या विक्रीचा गुन्हा ठरू शकतो. घारपुरे घाटावरच्या आधाराश्रमासारखी मान्यताप्राप्त दत्तक संस्था शहरातच आहे, आणि २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे प्रक्रिया फार लांबते ही सबबही आता तितकीशी चालत नाही. दुसरा प्रसंग बालविवाहाचा. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. हळदीच्या आदल्या दिवशी पोहोचलात तर लग्न करणार नाही असं पालकांचं हमीपत्र तेवढं मिळतं, महिनाभर आधी पोहोचलात तर मुलगी शाळेत राहते. लग्न झालंच असेल तर ते रद्द करून घेण्याचा हक्क तिला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत असतो, हे तिला एकटीला सांगा.

नाशिकरोड स्टेशनवर उतरणाऱ्या परप्रांतीय मुलांबद्दल एवढंच: त्याच्या जिल्ह्यातल्या बाल संरक्षण कक्षाकडून घराचा अहवाल आल्याशिवाय त्याला गाडीत बसवण्याची घाई नको. घरचा नंबर लागला आणि बाप रडला, एवढ्यावर पळून येण्याचं कारण संपत नाही. सिंहस्थाच्या गर्दीत अशी मुलं वाढतात, शिवाय हरवलेली आणि भीक मागायला आणलेलीही. तेव्हा रामकुंडावर फाईल लिहायला वेळ मिळणार नाही, म्हणून भाषा येणारे लोक आणि रात्री मुलं ठेवायची जागा यांची यादी आत्ताच करून ठेवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मूल घरी गेल्यावर काम संपतं का. कागदावर आदेश झाला की फाईल बंद व्हायच्या वाटेला लागते, आणि प्रत्यक्षात तिथूनच घराची परीक्षा सुरू होते. पहिल्या महिन्यात बाप पीत नाही. आई रोज फोन उचलते. मुलगी शाळेत जाते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फोन लागेनासा होतो. म्हणून समितीला देखरेखीचा आदेश मुदतीसह मागा आणि गृहभेटी हंगामाच्या हिशेबानं ठरवा, इंग्रजी महिन्यांच्या नाही. फोनवर ‘सगळं बरं आहे’ एवढंच ऐकून नोंद करू नका. गुरुजींकडून हजेरीपटाचा फोटो मागवा, सेविकेला धाकट्याचं वजन विचारा. तुमच्या या दोघांसाठी मी पहिली भेट जूनमध्ये शाळा उघडते त्या आठवड्यात ठेवीन. दुसरी पावसाळ्यात, घरातलं धान्य संपतं तेव्हा. आणि तिसरी दसऱ्याच्या आधी, कारण बागेच्या मजुरीची उचल घेऊन मुकादम पाड्यावर येतो तेव्हाच आई मुलांना आजीकडे ठेवते की सोबत नेते हे ठरतं. त्या बोलण्याच्या वेळी आजी घरात हवी, बालसंगोपनाचं पासबुक तिच्या हातात हवं आणि गुरुजींनी मुलीचं नाव पटावरून कमी केलेलं नसावं. हे तिन्ही सप्टेंबरमध्येच पाहून ठेवा.